दहावीच्या वर्षात बालसंगोपन रजा सलग घ्यावी की तोडून? (घरी दहावी आणि सातवी, ऑफिस मुंबईत)

लेडीज_डबा

नमस्कार मंडळी. राज्य शासनाच्या नोकरीत आहे. राहते बदलापूर पूर्वेला आणि ऑफिस सीएसएमटीला उतरून पुढे चालत. फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून आमची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. शनिवार मिळाला याचा आनंद आहेच, पण बाकीचे पाच दिवस सकाळी साडेसात-पावणेआठला घर सोडायचं आणि रात्री साडेआठला परत. गाडी रखडली तर नऊ. कुकर लावेपर्यंत कोणाची तरी भूक मेलेली असते, नाहीतर त्याने फरसाणाचा डबा संपवलेला असतो.

थोरला दहावीला, शाळा सकाळची. धाकटी सातवीला, तिची दुपारची. त्यामुळे तो साडेबाराला घरात शिरतो तेव्हा ती वर्गात बसलेली असते. ती सहाला येते तेव्हा तो क्लासला गेलेला असतो. दोघं एका घरात राहतात हे फक्त रविवारी कळतं, तेही भांडणावरून.

आता प्रश्न. आमच्याकडे २०१८ च्या जीआरने बालसंगोपन रजा आहे. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पूर्ण सेवेत मिळून १८० दिवस, वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. धाकटीला कावीळ झाली तेव्हा महिनाभर वापरली होती, म्हणजे १५० शिल्लक. ऑफिसातल्या सगळ्या जणी म्हणतात, दहावीला नाही घ्यायची तर कधी घ्यायची? जानेवारी-फेब्रुवारी सलग घे आणि त्याच्या उशाशी बस.

थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, तू घरी बसलीस तर मी अभ्यासिका लावेन." झालं! म्हणजे ज्याच्यासाठी रजा घ्यायची त्याला मी नकोच आहे.

धाकटीचं वेगळंच आहे. ती काही मागत नाही. सहाला घरी आली की आधी रोज मेसेज यायचा, "गाडी मिळाली का?" आता तो येत नाही. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी ठाण्याच्या अलीकडे दारात उभी होते, हात वर करून फोनही काढता येत नव्हता. तिने शेजारच्या काकूंना हाक मारली. काकूंनी सगळं छान केलं. मी पोचले तोवर ती टीव्ही बघत पोळी खात होती आणि म्हणाली, "झालंय सगळं, तू जेव." त्यावर पुढे काही बोलायला मला अजून जागा सापडलेली नाही.

तर रजा कोणासाठी घ्यायची आणि कशी? ज्यांनी घेतली आहे त्यांनी सांगावं. "मुलांना क्वालिटी टाइम द्या" हे कृपया नको, ते व्हॉट्सअॅपवर रोज येतं.

गणिताचे_सर

ताई, दहावीला गणित शिकवतो, कऱ्हाडकडचा आहे. माझ्या वर्गात दरवर्षी अशा पाच-सहा आया असतात. सलग दोन महिने रजा घेतलेल्या आईचं मूल ओळखू येतं. ते शाळेत जास्त वेळ थांबतं.

थोडा हिशेब सांगतो. पूर्वपरीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारीत. मग तोंडी, प्रात्यक्षिकं. लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होते आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालते. गणित भाग १, भाग २, विज्ञान भाग १, भाग २, सगळे ४०-४० गुणांचे दोन तासांचे पेपर, मधे सुट्ट्या. घरात मोठं माणूस हवं ते या काळात. केंद्र बहुतेक दुसऱ्या शाळेत येतं. पोराने हॉल तिकीट घेतलंय का, पोटात काही गेलंय का, आणि पेपर अवघड गेला म्हणून घरी येऊन उत्तरं जुळवत बसलाय का. ही शेवटची गोष्ट बंद पाडायला माणूस लागतं. जानेवारीत तुम्ही घरी बसून काय करणार? बीजगणित सोडवणार? शिवाय टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर निघते. एका पेपराने आभाळ कोसळत नाही हे घरी आताच सांगून ठेवा, परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

सिस्टर_नागपूर

अहो ताई, सगळं वाचलं. शेजारच्या काकू आल्या, ऑफिसातल्या बाया आल्या, जीआर आला. यजमान कुठे आहेत पोस्टमध्ये?

भांडायला विचारत नाही आहे. मी स्टाफ नर्स, मॉर्निंग-इव्हिनिंग-नाइट फिरती ड्युटी, नवऱ्याचं दुकान. आमच्याकडे फ्रिजवर माझं ड्युटीचं वेळापत्रक लागतं आणि त्याच्या शेजारी कोणाचा स्वयंपाक ते लागतं. चौदा वर्षांचा मुलगा वरणभात लावतो. पोळ्या नकाशासारख्या होतात, पण होतात. मुलं मोठी झाली की आईचं काम कमी होत नाही हे मान्य, पण मुलांचं वाढायला काय हरकत आहे?

दुसरं एक, दवाखान्याच्या नात्याने. दहावीच्या पोराला पहाटे चारला उठवायचा हट्ट करू नका. या वयात झोप यायची वेळच पुढे सरकते, ते आळशीपणाने होत नाही. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सकाळची सातची शाळा आणि रात्री बाराला झोप यांचा हिशेब बसतच नाही, म्हणून ही मुलं दुपारी मेल्यासारखी झोपतात. झोपू द्या.

लेडीज_डबा

सिस्टर, बरोबर पकडलंत! यजमान आहेत आणि चांगले आहेत. अंबरनाथ एमआयडीसीत कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलते. पहिल्या पाळीला साडेतीनला घरी. दुसरीला रात्री साडेअकरा. तिसरीला सकाळी येऊन झोपतात, तेव्हा धाकटी घरात मोजे घालून चालते, आवाज नको म्हणून. पोहे आणि अंडाकरी त्यांच्याकडेच आहे. थोरल्याशी केसांवरून अबोला चाललाय, कपाळावर आलेत ते कापायचे की नाही. धाकटी त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. त्यांचा उल्लेख केला नाही कारण त्यांना अशी रजा नाहीच, म्हणून हिशेबात धरलं नाही.

सर, मार्चच्या मध्यापर्यंतचं तुमचं म्हणणं पटलं. घरातही हेच वाचून दाखवलं. थोरला म्हणाला, "सर भारी आहेत."

हिंजवडीकर

खासगीवाल्याचा मत्सर आधी नोंदवून घ्या. आमच्याकडे मूल झाल्यावर जे काय मिळतं तेवढंच, मूल पंधरा वर्षांचं असतं हे कंपनीच्या धोरणात कुठे लिहिलेलंच नाही.

माझी मुलगी बारावीला आहे, म्हणून दोन वर्षं पुढचं सांगतो. दहावीवर रजा उधळू नका. दहावीत शाळा असते. वर्गशिक्षिका फोन करतात, पोरगं गैरहजर असेल तर दुपारपर्यंत कळतं. अकरावीत कॉलेज नावाला, दिवसभर क्लास, आणि तुमचं पोर नक्की कुठे आहे हे सांगणारं कोणी नाही. माझे अमेरिकेबरोबरचे कॉल रात्री अकरापर्यंत चालतात. अकरावीची पहिली सहामाही ती क्लासला जातच नव्हती. हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तेही फीच्या दुसऱ्या हप्त्यामुळे. रागवण्यासारखं काही नव्हतं. तिला फिजिक्स जमत नव्हतं आणि आम्ही दोघं लॅपटॉपमागे होतो. आता कॉल संपला की साडेअकराला आम्ही दोघं मॅगी करून खातो. बायकोला पसंत नाही. पण बोलणं होतं ते तेव्हाच.

तुमचा हिशेब असा बघा. थोरल्याचे १८ पूर्ण व्हायला दोन-अडीच वर्षं, धाकटीची पाच. दिवस १५०. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश आता राज्यभर एकाच पोर्टलवर आहेत, जूनमध्ये फेऱ्या लागतात तेव्हा दाखले आणि कॉलेज बघायला चार-पाच दिवस लागतीलच. बाकीचे त्याच्या बारावीला आणि धाकटीच्या दहावीला राखून ठेवा. वर्ष कुठून कुठे धरतात ते तेवढं तुमच्या आस्थापना शाखेत विचारून घ्या.

मार्चअखेर

मी उलट बोलणार. शासकीय नोकरीतच आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. मुलाच्या दहावीला पूर्ण दोन महिने सलग घेतले. त्याच्या मार्कांत त्याने काही फरक पडला असेल असं वाटत नाही. तो खोलीत, मी बाहेर. पण मी दुपारी झोपले. कितीतरी वर्षांनी दुपारी झोपले. माळा आवरला, दात दाखवून आले, गावाला जाऊन आईजवळ राहिले (तेव्हा त्याचे बाबा घरी होते). रजा बालसंगोपनाची होती, संगोपन माझं झालं. मला अजिबात वाईट वाटत नाही आणि कोणाला वाटत असेल तर वाटू दे.

कामाचं सांगते. ही रजा हक्क म्हणून मिळत नाही, साहेबांची मंजुरी आधी लागते. आणि तुमची दहावी नेमकी कधी येते? फेब्रुवारी शेवट ते मार्च. मुंबईत असाल तर अर्थसंकल्पीय अधिवेशन, वर निधी खर्ची टाकायची मार्चअखेरची धावपळ. त्या काळात रजेचा अर्ज पाहिला की साहेबांचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. अर्ज आता टाका. परीक्षेचं वेळापत्रक आलं की ते मागून जोडा. आणि तुमची गादी कोण सांभाळणार ते नाव तुम्हीच सुचवा, नाहीतर "बदली माणूस नाही" हे एकच वाक्य ऐकून परत याल.

सिस्टर_नागपूर

मार्चअखेर ताई, दुपारची झोप वाचून डोळे भरून आले बाप्पा.

लेडीज_डबा ताई, धाकटीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. पाळीबद्दल पुन्हा बसून बोलायला जागा शोधू नका, ते कोणत्याच तेरा वर्षांच्या मुलीला आवडत नाही. महिन्याचं सामान आणताना तिचं तिला निवडू द्या, कोणता पॅड, किती. माझ्या भाचीशी तेवढ्यावरून बोलणं सुरू झालं. पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, ते तिला सहज सांगून ठेवा. शाळेच्या दप्तरात एक जोडी असू द्या. बस.

लेडीज_डबा

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते लिहिते, म्हणजे पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

दहावीला फक्त लेखी परीक्षेचे दिवस, पहिल्या पेपराच्या दोन दिवस आधीपासून. अर्ज आजच दिला. शेजारच्या टेबलवरच्या मॅडमचं नाव सुचवलं, बदल्यात मे महिन्यात त्यांचं टेबल माझ्याकडे. यजमानांनी त्या दिवसांत पहिली पाळी मागायची, ते सुपरवायझरशी बोलणार आहेत. मिळेल असं म्हणतात, म्हणजे अर्धी मिळेल. अकरावीच्या फेऱ्यांना किरकोळ रजेत भागवेन. बाकीचे दिवस हिंजवडीकर म्हणतात तसे राखून.

आणि ऑक्टोबरात दहा दिवस धाकटीसाठी. तिची शाळा दुपारची, म्हणजे सकाळचे चार-पाच तास ती घरात असते आणि मी कधीच नसते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग मी झोपू नको का?" म्हटलं झोप की, मी पण झोपते.

आस्थापनेतल्या भाऊंनी दुसरा अर्ज हातात घेऊन विचारलं, "मॅडम, याचं कारण काय? दहावी कळली. ही तर सातवी." मी 'मुलीचे संगोपन' असंच लिहिलं होतं. ते म्हणाले, साहेब विचारतील, काहीतरी परीक्षा-बिरीक्षा टाका. मग खाली लिहिलं: सातवीची सहामाही.