रत्नागिरीच्या बॅनरवर टिळक कशाला?

मांडवीकर (धागाकर्ता):
शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी ‘रत्नागिरीची रत्ने’ असा बॅनर करायचा आहे. नऊ फोटो बसतात. पहिला टिळकांचा, हे कुणी न विचारताच ठरलं. मी म्हटलं, टिळक काढा. त्यानंतर चहा सगळ्यांना आला, मला सोडून.

तर माझं म्हणणं इथे मांडतो. टिळकांचा जन्म टिळक आळीतला, २३ जुलै १८५६ चा. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि बिऱ्हाड उठलं. बाळ तेव्हा दहा वर्षांचा. पुढे शाळा पुण्यात काढली, ‘केसरी’ पुण्यातून निघाला, तुरुंगवास मंडालेत भोगला, देह मुंबईत ठेवला. आपल्या वाट्याला काय आलं, तर एक कौलारू घर आणि एक बाळंतपण!

उलट भागोजीशेठ कीर घ्या. जन्म इथला, घरची गरिबी. मुंबईला जाऊन बांधकामाच्या ठेक्यांत पैसा केला आणि तो इथे परत आणला. पतितपावन मंदिर १९३१ साली उभं राहिलं ते त्यांच्या खिशातून. त्यांचा फोटो यादीत नववा, तोही ‘जागा उरली तर’. म्हणून म्हणतो, कुठे जन्मला ते सोडा, गावासाठी काय केलं ते बघा.

पेठेतला_पुणेकर:
टिळक नको असतील तर पाठवून द्या, आम्ही आधीच ठेवून घेतलेले आहेत. :)
पण तुमच्या नियमाने पहिला फोटो सावरकरांचा लागेल. ते मूळचे भगूरचे, नाशिककडचे. रत्नागिरीत स्थानबद्ध म्हणून १९२४ ते १९३७. सहभोजनं, मंदिरप्रवेश, भाषाशुद्धी हे सगळं याच काळातलं. चालेल?

मांडवीकर:
चालेल. तेरा वर्षं इथे राहून काम केलं. त्यांचं राजकारण पटो न पटो, गावावर ठसा आहे.

खालची_आळी:
जोरदार असहमती. दहा वर्षं म्हणजे काय पोरखेळ? गंगाधरपंत स्वतः संस्कृतचे जाणकार, पोराचं संस्कृत घरीच सुरू झालेलं. माणसाचा पाया दहाव्या वर्षापर्यंत भरून झालेला असतो, नंतर नुसते मजले चढतात.

दुसरं. आपला मुलूख चाकरमान्यांचा. इथे पिकतं थोडं, खाणारी तोंडं फार, म्हणून पोरगा जरा मोठा झाला की बोटीत बसवायचा. जो इथे राहिला तोच आमचा, असं म्हटलं तर निम्म्या कोकणाचं नाव कापावं लागेल. धनंजय कीर रत्नागिरीचे, जन्म १९१३. मुंबई महापालिकेत कारकुनी करून त्यांनी आंबेडकरांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, १९५४ मध्ये. फुले, शाहू महाराज, सावरकर, टिळक, सगळ्यांची चरित्रं त्यांच्या हातची. १९७१ मध्ये पद्मभूषण. यातलं रत्नागिरीत बसून काय केलं? तुमच्या नियमाने तेही गेले.

आणि भागोजीशेठांचं म्हणाल, तर दादरला शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीवर त्यांचं नाव आहे. तिथे काम केलं म्हणून ते मुंबईकर झाले का?

मांडवीकर:
धनंजय कीरांचं विसरलो होतो. तिथे गोची आहे, कबूल. तरी टिळकांचं माझं मत तेच.

भाट्ये_पूल:
तुम्ही सगळे मिळून एकाला विसरलात. थिबा राजा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, मंडालेहून उचलला आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवला. डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला. तीस वर्षं! तुमच्या टिळकांच्या तिप्पट. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा मंडालेचा राजा आपल्याकडे नव्या राजवाड्यात राहायला गेला होता. सरकारने माणसांची अशी अदलाबदल केली आणि आपण बॅनरवर एकाचाच फोटो लावतो.

लहानपणी आम्ही थिबा पॉईंटवर संध्याकाळी जायचो. खाली काजळीचं पाणी, भाट्याची खाडी, पलीकडे उघडा समुद्र. आजी म्हणायची, राजा इथून बोटी बघायचा, एखादी आपल्याला न्यायला येईल म्हणून. खरंखोटं तिलाच ठाऊक. समाधी शिवाजीनगरात आहे, घरांच्या गराड्यात. शाळेने आम्हाला सहलीला पार गणपतीपुळ्याला नेलं, तिथे कधी नेलं नाही.

पेठेतला_पुणेकर:
पण थिबाने रत्नागिरीसाठी केलं काय? कैदी होता बिचारा.

भाट्ये_पूल:
सावरकरही सरकारच्या हुकमाने आले होते, हौसेने नाही. आणि ‘केलं काय’ म्हणाल तर त्याचं रक्त इथे मिसळलं. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठी बोलली, हलाखीत दिवस काढले आणि २००० साली इथेच गेली. राजाची नात होती ती. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष स्वतः येऊन समाधीवर डोकं टेकवून गेले, आपल्याला तेव्हा कळलं की हे कुणीतरी मोठं आहे.

माहेरवाशीण:
शंभर मिनिटं सगळे भांडताय, नऊ फोटोंत एक बाई नाही हे एकालाही दिसलं नाही? रमाबाई आंबेडकर दापोलीजवळच्या वणंदच्या. बाया कर्वे देवरूखच्या. विधवेचं लग्न म्हणून अख्ख्या गावाचा बहिष्कार सोसला त्या जोडप्याने, फोटो मात्र लागतो अण्णांचा (महर्षी कर्व्यांचा) एकट्याचा.

खालची_आळी:
ताई, मुद्दा रास्त. पण वणंद, देवरूख म्हणजे रत्नागिरी शहर नव्हे. देवरूखला तर समुद्रही नाही.

माहेरवाशीण:
हो का? मग केशवसुत मालगुंडचे कसे चालले? यादीत आहेत ना? पुरुषांसाठी जिल्हा आणि बायकांसाठी नगरपालिकेची हद्द, छान!

पेठेतला_पुणेकर:
+१. आणि जिल्हाच धरायचा तर १९८१ च्या आधीचा धरा, सिंधुदुर्ग वेगळा व्हायच्या आधीचा. मग वेंगुर्ल्याचे पाडगावकरही तुमचेच.

वेंगुर्लेकार:
खबरदार! पाडगावकरांक हात लावू नकात.

मांडवीकर:
काल परत बैठक झाली. केशवसुतांचा मुद्दा मी जसाच्या तसा वाचून दाखवला (माहेरवाशीण, नाव तुमचंच घेतलं). पाच मिनिटं कुणी बोललं नाही. रमाबाई आणि बाया आल्या. भागोजीशेठ नवव्यावरून दुसऱ्यावर. थिबावर मतदान झालं, एका मताने पडला. ते मत माझं नव्हतं.

टिळक पहिलेच राहिले. बॅनरवाल्याने त्यांचा फोटो आधीच सगळ्यांत मोठा करून ठेवला होता, आता बदलला तर वेगळे पैसे पडतील म्हणाला.

भाट्ये_पूल:
थिबाविरुद्ध कुणी मत दिलं, तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.