मदत हवी आहे: तेल-वायूच्या साठ्यावर गुरुत्वमापनाने लक्ष ठेवताना भूजलाचा परिणाम कसा वजा करायचा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एम.एस्सी. भूविज्ञान करतोय. सेमिनारला हा विषय मी हौसेनं मागून घेतलाय. आमच्या पायाखाली बेसॉल्ट, तेलाशी काही संबंध नाही. पण भोक न पाडता दोन-तीन किलोमीटर खाली पाणी कुठवर चढलं हे वरून कळतं, या गोष्टीनं मला पार धरून ठेवलंय.

मूळ तत्त्व समजलंय. वायू उपसला की त्याच्या जागी पाणी सरकतं, ते जड, म्हणून वरचं गुरुत्व किंचित वाढतं. नॉर्वेच्या ट्रोल या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रात १९९८ पासून समुद्रतळावर काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर ठरावीक वर्षांनी वाचनं घेतली आहेत. अलास्कातल्या 'प्रुधो बे' तेलक्षेत्रात तर गोठलेल्या समुद्रावर जाऊन मोजलं.

अडलंय ते जमिनीवरच्या मोजणीत. पृथ्वीचं गुरुत्व सुमारे ९८ कोटी मायक्रोगल (गुरुत्व मोजायचं अगदी बारीक एकक). साठा आडवा पसरलेला आणि खडकाची सच्छिद्रता २५ टक्के धरली, थोडा वायू अडकून राहतो तोही सोडला, तर पाणी एक मीटर चढल्यावर माझ्या हिशेबानं जेमतेम ५ मायक्रोगल फरक येतो. आता आमच्याकडच्या विहिरी बघा. मे महिन्यात तळ दिसतो, परतीचा पाऊस झाला की पाणी १० मीटर वर. कातळात निथळणारं पाणी २ टक्के धरलं तरी तो २० सेंटीमीटरचा थर झाला, म्हणजे ८ मायक्रोगल! काळ्या मातीत मुरलेली ओल वेगळीच. वर जमीन एक सेंटीमीटर खचली तर आणखी ३.

चंद्रसूर्याच्या ओढीची आणि यंत्राच्या ड्रिफ्टची (वाचन आपोआप हळूहळू सरकत जातं त्याची) दुरुस्ती मला येते. खचण्यासाठी जीपीएस आहे. भूजलाचं मात्र नीट उमगत नाही.

दरवर्षी मे अखेरीसच वाचनं घेतली तर पुरेल का? एखाद्या वर्षी वळीव लवकर पडला तर काय? शेजारच्या विहिरींची पातळी नोंदवून वजाबाकी करावी, तर बेसॉल्टमध्ये दर विहिरीला निथळीचं प्रमाण वेगळं. सरासरी घेणं मला पटत नाही.

एक विचार असाही आहे: खोलवरचा बदल वर येईपर्यंत काही किलोमीटर पसरट होतो, विहिरीचा मात्र दोन शेतांत बदलतो. मग ठाणी (मोजणीच्या जागा) दाट लावून हे दोन्ही वेगळे करता येतील ना? दोन किलोमीटर खोल साठ्यासाठी ठाण्यांमधलं अंतर किती ठेवतात?

ग्रॅव्हीमीटर (गुरुत्व मोजायचं यंत्र) घेऊन प्रत्यक्ष फिरलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. माझी आकडेमोड चुकत असेल तर तीही दाखवा, सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे.