सावंतवाडी संस्थान: 'इंग्रज नावालाच होते' म्हणणाऱ्यांना उत्तर

तेरेखोलकाठ: कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे, 'सावंतवाडीत राजा आपला, कारभार आपला, इंग्रज नावालाच. १९४८ला विलीन झालो आणि वाट लागली.' अहो, १८१२लाच वेंगुर्ला कंपनीच्या घशात गेलं. १८१९ला निवती आणि रेडीचा यशवंतगड गेले, वर तहात किनारपट्टीही गेली. समुद्रच हातचा गेलेलं कोकणातलं संस्थान! १८३८ला तर राजे खेम सावंतांकडून कारभारही काढून घेतला. तिथून पुढे इंग्रजांचा अधिकारी, पोलिटिकल सुपरिंटेंडेंट, सांगेल ती पूर्व दिशा. बापूसाहेब महाराजांना राज्याचे अधिकार मिळाले १९२४ला, ते गेले १९३७ला. सव्वाशे वर्षांच्या मांडलिकीतली तेरा वर्षं पुढे करून सगळ्या काळाला मुलामा चढवू नका.

चितारआळीकर: पोस्ट माझी आहे. बापूसाहेबांना लोक रामराजा म्हणत, ते काय सुपरिंटेंडेंटने शिकवलं होतं? माझी आजी त्यांचं नाव घेताना हात जोडायची. ते गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, असं सांगायची. सनावळ्या तुम्ही पाठ करा, आमच्या घरची माणसं खोटं बोलत नव्हती.

मनोहरपायथा: तुमच्या दोघांच्याही सनावळीत १८४४ कुठे आहे? मी शिरशिंग्याचा. मनोहर-मनसंतोष हे जोडगड आमच्या डोक्यावर उभे आहेत. कोल्हापूरकडे गडकऱ्यांनी, म्हणजे पिढीजात गड राखणाऱ्यांनी, सामानगड धरला, तेव्हा इकडे फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांची मुलं उठली, आणि युवराज अण्णासाहेब स्वतः बंडवाल्यांना जाऊन मिळाले. इंग्रज अधिकारी आऊट्रामला फौज घेऊन यावं लागलं, १८४५ उजाडलं तेव्हा कुठे गड पडला. वाडीचा राजवाडा बघायला गाड्या भरून माणसं येतात. आमच्याकडे येणारे विचारतात, शिवाजी महाराज १६६७ला इथे राहिले होते ना? त्यांना नमस्कार करतात, फोटो काढतात आणि उतरतात. तांबुळकरांचं नाव एकालाही ठाऊक नसतं. मनसंतोषाच्या माथ्यावर जायला धड वाटही उरलेली नाही.

कुडाळचो: बंडाला उगाच स्वातंत्र्ययुद्ध करू नका. गडकऱ्यांच्या पिढीजात नोकऱ्या आणि त्यासोबतच्या जमिनी जात होत्या, म्हणून ते उठले. रयतेसाठी कोण लढलं? आमचे पणजोबा कूळ होते. वर इंग्रज असो की सावंत, भात मळून झालं की मापं घेऊन माणूस खळ्यावर हजर. जमीनमालकाचा खंड भागला की उरलेल्यात वर्ष काढायचं. आषाढात कणगीच्या तळाला हात लागायचा.

मनोहरपायथा: रे बाबा, तू पुस्तकां वाच, आमी आमच्या आज्याच्या तोंडचा आयकलला आसा! जमीन गेली म्हणून उठले, तर त्यात कमीपणा कसला? तुझे पणजोबा जमिनीसाठी झुरले ते दुःख, आणि आमचे लढले तो स्वार्थ?

कुडाळचो: पणजोबांवर घसरायचं काम नाही. गडकऱ्याची जमीन कसत कोण होतं, तेवढं सांग.

पत्रादेवीपलीकडे: भांडा, पण एक विसरू नका. गड पडल्यावर ही माणसं गेली कुठे? गोव्यात. इंग्रजांनी मागितली तरी पोर्तुगीजांनी दिली नाहीत. पेडणे, डिचोली, सत्तरी हे एकेकाळी वाडीचेच महाल, त्यामुळे पलीकडेही सोयरीक होतीच. आमच्या घरी सांगतात, रात्री नदी ओलांडून आलेल्या कुणाला तरी माळ्यावर ठेवलं होतं आणि म्हातारी दिवसभर ओटीवर भात कांडत बसायची, म्हणजे वरचा आवाज बाहेर जाऊ नये. वाडीच्या इतिहासात आम्हाला कधी कुणी धरत नाही.

कुडाळचो: ही गोष्ट नवीन कळली. म्हातारीला मानलं. पण कुळाचा प्रश्न तसाच आहे.

तेरेखोलकाठ: मूळ मुद्द्याला तर उलट जोरच आला. ज्या युवराजाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं, त्याला पुढे १८६७ला गादी मिळाली ती इंग्रजांनी घातलेल्या अटी मान्य करून, आणि दोन वर्षांत तो गेलाही. गादीवर कोण बसणार आणि कशा अटींवर, हे इंग्रज ठरवत होते. मग 'नावालाच' कोण होतं?

चितारआळीकर: बरं, १८३८ ते १९२४चं तुमचं धरतो. 'इंग्रज नावालाच' एवढं वाक्य काढतो. बापूसाहेबांबद्दलचा एक शब्दही काढणार नाही.

मनोहरपायथा: काढता आहात तर त्या जागी तांबुळकरांचं नाव घाला.

कुडाळचो: आणि खंडाचं?