मदत हवी आहे : समुद्री गवतातील कोळंबीची पिल्ले नेमकी कशी मोजावीत?

नमस्कार. उथळ पाण्यातील समुद्री गवताच्या कुरणांत कोळंबीची पिल्ले किती आढळतात याच्या नोंदी मी ठेवत आहे आणि एका अडचणीत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

टायगर गटातील कोळंबी खुल्या समुद्रात अंडी सोडते. अळ्या नॉप्लियस, प्रोटोझोइया आणि मायसिस या अवस्थांतून जात काही आठवड्यांत किनाऱ्याकडे येतात आणि काचेसारखी पारदर्शक, इवलीशी पिल्ले गवतात स्थिरावतात. (हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे, ती मुळे आणि फुले असलेली वनस्पती आहे, हा घोळ फार वेळा होतो.)

दिवसा ओढलेले जाळे जवळजवळ रिकामे येते, परंतु रात्री त्याच पट्ट्यात ओढले की तुटलेल्या पात्यांच्या गुंत्यात, बॅटरीच्या उजेडात डोळे चमकणारी पिल्ले दिसतात. दिवसा ती वाळूत पुरून घेतात, म्हणून मी रात्रीचीच मोजणी ग्राह्य धरतो. मात्र लांब, दाट पात्यांवरून जाळे घसरते, तर आखूड पात्यांत ते तळाला नीट टेकते. मग या दोन पट्ट्यांतील आकड्यांची तुलना न्याय्य कशी ठरेल? वरून सोडायचा, तळ नसलेला पेटीसापळा कोणी वापरला आहे का आणि आतली पिल्ले पूर्ण कशी काढावीत?

दुसरे असे, की पिल्लांना ओढ आडोशाची असते की खाद्याची, हे तपासण्यासाठी मी प्लास्टिकच्या पट्ट्यांची कृत्रिम पाती लावण्याच्या विचारात आहे, परंतु त्यांवरही लवकरच शेवाळाचा थर चढतो, म्हणजे आडोशाबरोबर खाद्यही आलेच. तो प्रभाव वेगळा कसा काढावा?