मोहफुलाची जिन: जिन म्हणायची की मोहाचीच?

संत्रावाला वरूड: दिवाळीला पुण्याहून साळा आला, सोबत एक बाटली. लेबलवर मोहफूल, नागपुरी संत्र्याची साल आणि भिवापुरी मिरची. कंपनीचं नाव घेत नाही. किमतीचं तर बोलायलाच नको, घरी ऐकतील. आंबिया बहराच्या संत्र्यांची तोडणी सुरू होती, रात्री बागेतल्या खोलीत चौघं बसलो. टॉनिक बाजूला ठेवून आधी नुसतीच चाखली, चहाच्या काचेच्या गिलासात. पहिला वास मोहाचा, दुसरा मोहाचा, संत्र्याची साल कुठंतरी मागून. मिरची अजिबात झोंबली नाही, वरून गोडसर लागली. जुनिपर, म्हणजे ज्याच्या फळांनी जिनला तिचा खास वास येतो तो, शोधून सापडला नाही. माझं मत: जुनिपर पुढे नाही ती जिन नाही. ही सुटाबुटातली मोहाची.

उमरेडचा भाऊ: मिरचीवर कायले राग काढता? तिखटपणा कॅप्सेसिनचा, दारू गाळताना तो वाफेसंग वर चढतच नाही, भांड्यातच राहते. वर येते फक्त वास. भिवापूर आमच्या शेजारचा तालुका. मिरची वाळवायच्या सातऱ्यावर दुपारचं ऊन चढलं की जो कोरडा, लालसर वास सुटते नं, तो शोधा. जीभ भाजली असती तर समजा, गाळल्यावर मिरची भिजत घातली.

संत्रावाला वरूड: मिरचीचं मागे घेतो. मग गोड कशी? साखर तरी वर चढते का?

उमरेडचा भाऊ: नाही चढत. नाक दाबून घोट घ्या. तरी गोड लागली तर साखर घातली. नाही लागली तर तुमचं नाक जिभेले फसवून रायलं.

देसाईगंजची वहिनी: मी चाखलेली नाही, आमचा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंद. पण मोह वेचलाय. चैत्रात पहाटे फुलं टपटप पडतात, ऊन चढायच्या आत टोपली भरावी लागते. हीच फुलं आमच्याकडच्या बाईनं चुलीवर चढवली की पंचनामा, अन् शहरात बाटलीत गेली की ‘बोटॅनिकल’, म्हणजे जिनला चव देणारी वनस्पती. जुनिपर किती आहे याच्यावर भांडा खुशाल, मला त्या लेबलचाच राग येतो.

उमरेडचा भाऊ: वहिनी, बरोबर हाय. पण लेबलवर मोहाचं नाव तरी आलं, लपवलं तर नाही.

देसाईगंजची वहिनी: नाव आलं. वेचणारीला किलोमागे किती पडले, ते लेबलवर नाही आलं.

नागपूर रिटर्न: मूळ मुद्द्यावर येऊ. युरोपच्या नियमात जिन म्हणजे जुनिपरची चव प्रमुख, अल्कोहोल किमान ३७.५ टक्के. जुनिपर आपल्याकडे हिमालयात होतो, ‘हपुसा’ जिनचं नावच त्याच्या संस्कृत नावावरून. विदर्भात तो उगवत नाही म्हणून वगळायचा, असं चालणार नाही. पण संत्रावाले, तुम्ही कडक चाखलीत. निम्मं साधं पाणी घाला, बर्फ नको, पाच मिनिटं थांबा, मग वास घ्या.

संत्रावाला वरूड: दोन बोटं उरली होती. नाक दाबून घोट घेतला, गोड नाही. साखरेचा आरोपही मागे. मग पाणी घातलं तर दुधाळ झाली, साळा म्हणे भेसळ.

नागपूर रिटर्न: भेसळ नाही. सालीतलं तेल दारूत विरघळतं, पाणी वाढलं की वेगळं होऊन पांढुरकं दिसतं. तुमच्याच संत्र्याचं तेल असेल. जुनिपर सापडला का?

संत्रावाला वरूड: सापडला. नव्या पाटाला रंधा मारताना येतो तसा लाकडाचा वास, शेवटी, जरासाच. आधी मोह, मग संत्रं, मग तो. तिसऱ्या नंबरावर बसलेल्याला प्रमुख म्हणायला मी तयार नाही.