दहा कम्युनिकेटर, नगाला पाचशेच्या आत: प्रिंट की साचा?

बर्डीकर

विषय 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेच्या मूळ भागांतल्या, म्हणजे 1966 ते 1969 मधल्या कम्युनिकेटरचा, म्हणजे हातात धरून बोलायच्या संपर्कयंत्राचा. काळी पेटी, वर सोनेरी जाळीचं झाकण, मनगटाच्या झटक्याने उघडणारं. स्नेहसंमेलनातल्या नाटकाला म्हणा किंवा मित्रमंडळींना म्हणा, दहा नग हवेत आणि सामान नगाला पाचशेच्या आत बसवायचं आहे. आजकाल कोणालाही विचारा, उत्तर एकच: थ्रीडी प्रिंट मारून आण. माझं मत उलटं आहे. दहा नगांना प्रिंट हा सगळ्यात महाग रस्ता, आणि तो प्लास्टिकमुळे नाही, पॉलिश पेपरमुळे महाग पडतो.

पेटी 108 मिमी लांब, 60 रुंद, 30 जाड, भिंत 2 मिमी धरू. मधली पट्टी आणि झाकणाची चौकट मिळून प्रिंटचं वजन साठेक ग्रॅम. ग्रॅमला 6 रुपये धरले तर 360. इथपर्यंत ठीक. पण 0.2 मिमीच्या थरांच्या रेषा काळ्या रंगाखाली जास्तच उठून दिसतात. त्या घालवायला 120 चा पेपर, मग 220, प्रायमर, एनसी पुट्टी, 400, आणि शेवटी 600 पाण्यातून. नगाला तीन तास कुठेच गेले नाहीत. दहाचे तीस.

साच्यात ही घासाघीस एकदाच, मास्टरवर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा त्या पहिल्या नमुन्यावर. मास्टर लाकूड आणि 5 मिमी सनबोर्डचा. भोवती 10 मिमी जागा सोडून 128 बाय 80 बाय 50 ची चौकट केली की बाहेरच्या भागाला सुमारे 320 घन सेंमी सिलिकॉन लागतं, आतल्या गाभ्याला 160. दोन्ही मिळून वजन साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम. किलोला 900 धरले तरी नगामागे 55 च्या आत. पॉलिएस्टर रेझिन नगाला 55 ग्रॅम, त्यात हार्डनर एक टक्का. डब्यावर दोन टक्के लिहिलेलं असलं तरी आपल्या मे महिन्यात दोन टक्के घातलं तर मिश्रण कपातच तापून घट्ट होतं.

झाकणाखालच्या फिरत्या नक्षीला भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन. पारदर्शक शीटवर 60 रेघांची चकती छापून सेकंदकाट्याच्या जागी बसवायची, वर 62 रेघांची स्थिर चकती. दोन्हींच्या रेघा एकमेकींवर आल्या की फिरत्या पट्ट्यांची नक्षी दिसते. मूळ चालत्या नगातही ही चकती फिरवायला स्टॉपवॉचच होतं.

खामल्याची_खटपट

बर्डीकर भाऊ, हिशेबातून सोयीच्या गोष्टी गाळल्यात. मास्टर हाताने करायला किती तास? स्क्रूचे खांब, बिजागरीची भोकं, मधली पट्टी बसायची खाच, हे सगळं सनबोर्डात अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर ती चूक दहाही नगांत उतरते. प्रिंटमध्ये पहिला नग बसला नाही तर फाइल सुधारायची, दुसरा काढायचा.

पॉलिएस्टर रेझिनच्या वासाबद्दल एक शब्द नाही. त्यातलं स्टायरीन फ्लॅटमध्ये दोन दिवस मुरतं, शेजारी दार वाजवतात. गच्चीशिवाय हे काम करूच नये. शिवाय 2 मिमी भिंतीचं पॉलिएस्टर ठिसूळ असतं. स्टेजच्या फरशीवर एकदा पडलं की कोपरा गेला. साचाही अमर नाही, स्टायरीन आणि उष्णता सिलिकॉनला खातात. कडा खरबरीत व्हायला लागल्या की समजायचं, साचा संपत आला.

आणि रेषा घासायच्याच कशाला? सपाट बाजू बेडवर ठेवून प्रिंट करा, उरलेल्यावर फिलर प्रायमरचे दोन हात, 320 ने एकदा फिरवा, वरून दाणेदार काळा टेक्श्चर स्प्रे. नगाला पाऊण तास. तीस तासांचे साडेसात झाले.

फक्त पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, वापरू नका. ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान याच्यावर सहज जातं, तिथे ठेवलेली पेटी तासाभरात केळ्यासारखी वाकते. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घ्या, ते 80 पर्यंत तग धरतं.

पेठेतला_पेंटर

दोघंही भांडून राहिले, पण रंग कोण मारन? सगळा खेळ तं तिथंच बिघडते.

उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत लॅकर मारला का गेला. हवेत ओल असते, थिनर उडता उडता ती ओल रंगावर बसते आन काळ्या पेटीवर पांढरी साय येते. पावसाळ्यात बी तेच. दुपारी गच्चीवर मारान तं उलटा प्रकार, थेंब पेटीपर्यंत पोचायच्या आधीच वाळते आन हात फिरवला का पॉलिश पेपरच लागते. सकाळी सात ते नऊ, सावलीत, कूलर बंद. वीस सेंटिमीटरवरून पातळ तीन हात, मंधात दहा-दहा मिनिटं. एकाच हाताने काळं करायला गेले का वघळ येते.

अजून एक. खाली एनॅमल आन वर लॅकर कधीच नाही. लॅकरचा थिनर खालच्या एनॅमलला उचलते, सुरकुत्या पडते, सगळं खरवडा. खाली लॅकर, वर एनॅमल चालते.

दाणेदार स्प्रेवाल्या भाऊचं मले पटलं नाही. हातात घाम असते. दाण्यात मळ बसते, चार प्रयोगांत पेटी राखाडी होते. वरून मॅट क्लिअरचा हात द्या, नाहीतर सपाटच ठेवा.

लोहाओळ

मूळ नगाची पेटी ना प्रिंट केलेली होती ना ओतलेली. प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर हवेने ओढलेली, म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग. स्वस्त, झटपट, हलकं. आपण त्या वस्तूची नक्कल करतोय तर तिची रीत तरी विचारात घ्या.

1.5 मिमी एचआयपीएस (एक प्रकारचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक) शीट लाकडी चौकटीत पकडायची, हीटरच्या कॉइलवर धरायची. मध्यभागी बोटभर झोळ आला की भोकं पाडलेल्या खोक्यावरच्या मास्टरवर दाबायची, खोक्याला घरचाच व्हॅक्यूम क्लीनर. पंधरा सेकंदांत पेटी तयार. ना वास, ना हार्डनर. मास्टर प्लास्टर ऑफ पॅरिसचा चालतो. नागपुरात महालात चितार ओळीत मूर्तिकारांकडे नीट बघितलं तर कोपरे कसे सोडवायचे ते कळतं. मास्टर पूर्ण वाळलेला हवा, आत ओल राहिली तर वाफ होऊन शीटला फोड येतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे काम ऊनच करतं.

अडचणी दोन. बाजूंना तीन अंशांचा उतार नसेल तर पेटी मास्टरवरून निघत नाही. आणि खोल कोपऱ्यात शीट ताणून निम्म्यावर पातळ होते, तिथे आतून पट्टी चिकटवावी लागते. पेंटर भाऊ, एचआयपीएसवर लॅकरचा थिनर जाड पडला तर शीटच विरघळते, म्हणून पहिला हात धुक्यासारखा.

लेझर कटिंगवाल्याकडे सनबोर्ड घेऊन जाऊ नका. तो पीव्हीसी असतो, जळताना निघणारा आम्लाचा वायू मशीनलाही खातो आणि माणसालाही. दुकानदार नाही म्हणाला तर तो शहाणा आहे. मधल्या पट्टीला 3 मिमी अॅक्रिलिक द्या.

बर्डीकर

लोहाओळ भाऊ, रीत छान आहे, पण 1.5 मिमीच्या कवचात स्क्रू कशात धरणार? सगळे खांब आतून वेगळे चिकटवायचे म्हणजे पुन्हा नगाला तासभर. ओतलेल्या पेटीत खांब साच्यातूनच येतात.

ठिसूळपणाचं खटपट भाऊंचं म्हणणं मान्य. रेझिन भरताना कोपऱ्यांत काचेच्या धाग्याच्या चटईचे बारीक तुकडे टाकले की बराच फरक पडतो. वासाचंही मान्य, काम गच्चीवरच. प्रिंटचं मात्र अजूनही मान्य नाही.

सर्किटवाली

पेटीवर इतकं भांडण, आणि आतलं कोणी तपासलंच नाही. बर्डीकरांची नक्षी फिरणारच नाही.

गणित असं. फिरत्या चकतीवर 60 रेघा, म्हणजे दोन रेघांत 6 अंश. साध्या घड्याळाचा काटा दर टिकला किती सरकतो? 6 अंश. प्रत्येक टिकनंतर प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येऊन थांबते, आणि चित्र होतं तसंच. टिक होताना क्षणभर फडफड दिसेल, बस. 58 रेघा फिरत्या आणि 60 स्थिर केल्या तर दोन पट्ट्यांची नक्षी दर टिकला 6 अंशच पुढे गेलेली दिसते. म्हणजे इतकी खटपट करून सेकंदकाटाच मिळाला.

उपाय सरकत्या काट्याचं मशीन, जे टिकटिक करत नाही. त्यावर 60 आणि 62 रेघा असतील तर चकतीच्या एका फेऱ्यात नक्षीचे तीस फेरे होतात (फिरत्या रेघा भागिले दोन्ही चकत्यांतला फरक), म्हणजे मिनिटाला तीस. डोळ्याला अगदी बरोबर. छपाई लेझर प्रिंटरवर आणि त्याला चालणाऱ्या शीटवरच. इंकजेटची शाई साध्या शीटवर पसरते, आणि साधी शीट लेझरमध्ये घातली तर आतच वितळते.

आता मापं. घड्याळाचं मशीन 56 मिमी चौरस. तुमची पेटी बाहेरून 60, दोन भिंती गेल्या की वरती 56 उरतात. साच्यातून नग निघायला तीन अंश उतार दिला की 28 मिमी खोलीवर तळाशी 53. बसत नाही. मशीन नको असेल तर छोटी एन-20 गिअर मोटर, 6 व्होल्टला मिनिटाला 30 फेऱ्यांची. 3 व्होल्टवर ती साधारण निम्म्याने फिरते. तिला 60-62 रेघा लावल्या तर नक्षी धुरकट होईल, 30 आणि 36 लावा. मोटरला बटन सेल चालत नाही, सुरू व्हायलाच लागणारा करंट त्यातून निघत नाही. दोन एएए सेल हवेत.

तीन रंगीत खड्यांमागच्या एलईडींना एकच रेझिस्टर लावून त्या समांतर जोडू नका. लाल एलईडी 2 व्होल्टला पेटते आणि सगळा करंट पिऊन टाकते, पांढरी आणि निळी 3 व्होल्टची वाट बघत अंधारात. प्रत्येकीला स्वतंत्र रेझिस्टर. लाल-पिवळीला 220 ओहम पुरे. पांढरी 3 व्होल्टवर जेमतेम पेटते आणि सेल उतरले की जाते, तेव्हा पांढरा खडा हवा असेल तर मागे पिवळीच लावा.

धरमपेठ_डेस्क

मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. दहाच्या दहा नग चालते कशाला? मूळ मालिकेतही सगळे चालते नव्हते. जवळून दाखवायचे थोडे, बाकी कमरेला लटकवायचे नुसते ठोकळे. दोन नग दिव्यांचे आणि नक्षीचे करा, आठ बंद झाकणाचे. पाचव्या रांगेतून बिजागरीसुद्धा दिसत नाही.

आपण नक्कल कशाची करतोय तेही ठरवा. सेटवरच्या वस्तूची, की मालिका म्हणते त्या यंत्राची? सेटवरची वस्तू कामचलाऊच होती. पहिल्याच हंगामात एका भागासाठी वेगळ्या आकाराच्या मीठदाण्या आणल्या होत्या. त्या मीठदाण्या म्हणून ओळखूच येणार नाहीत असं वाटलं, म्हणून त्यांची डॉक्टरची उपकरणं झाली. कम्युनिकेटर बनवणारे वा चँग यांच्यासारखे कारागीर कॅमेऱ्यासाठी काम करत होते, भिंगासाठी नाही. 600 च्या पेपरने घासलेला नग मुळापेक्षा गुळगुळीत होतो, मग ती नक्कल कुठली?

बर्डीकर

डेस्क भाऊ, कॅमेरा दूर होता, मुलं हातात घेणार आहेत. आणि दोन चालते, आठ ठोकळे ठेवून बघा. ते दोन कोणाच्या हातात राहायचे यावरूनच तालीम मोडेल. दिवे सगळ्यांत, नक्षी हवी तर दोघांत, इथपर्यंत मी येतो.

लोहाओळ

मीठदाणीवरून: झाकणाच्या जाळीला पुरणयंत्राची बारीक भोकांची चकती बघा. भोकं एकसारखी असतात. पण ती स्टीलची, कापायला कटऑफ चकती लागते, आणि स्टीलवर सोनेरी स्प्रे एच प्रायमरशिवाय, म्हणजे धातूला धरून बसणाऱ्या अस्तराशिवाय, सोलून निघतो. त्यापेक्षा इतवारीत पितळी जाळी मिळाली तर रंगच नको, नुसती ब्रासो. बिजागरीचा दांडा म्हणून सायकलचा आरा, 2 मिमीचा.

खामल्याची_खटपट

त्या आऱ्यावर व्हॉल्व्हची रबरी नळी घाला, झाकण हवं तिथे थांबतं.

लोहाओळ

थांबायला नकोच आहे! झटक्याने उघडायला दांडा सैल हवा, भोक 2.2, आणि झाकणाच्या टोकाला वजन. आतल्या कडेला शिशाची चार ग्रॅमची पट्टी पुरते. रबर लावलं तर मुलं बोटाने उघडतील, मग तो कम्युनिकेटर कसला, चष्म्याचा डबा.

खामल्याची_खटपट

बरं, रबर गेलं. पण सर्किटवाली ताईंचं गणित पकडा. घड्याळ बसवायचं तर रुंदी 64 करावी लागते. फाइलमध्ये एक आकडा बदलला की झालं. बर्डीकर भाऊंना नवा मास्टर, नवा साचा, सहाशे ग्रॅम सिलिकॉन पुन्हा.

सर्किटवाली

64 ला तळाशी 57 मिळतात. बसतं.

लोहाओळ

नवा मास्टर कशाला? आहे त्याच्या दोन्ही बाजूंना 2 मिमी सनबोर्ड चिकटवला की 64. कडेला पुट्टी, उतार घासून घ्यायचा. बर्डीकर भाऊ, सिलिकॉन अजून ओतलं नाही ना?