विशेष पोलीस अधिकारी म्हणून कार्ड मिळालंय, अधिकार नेमके किती? मदत हवी आहे

गॅलरीतला:
मंडळी, कायद्याची जाण असलेल्यांनी जरा मार्गदर्शन करावं. राज्य महाराष्ट्र.

पोलीस ठाण्याने सोसायटीकडे बंदोबस्ताला माणसं मागितली होती. सेक्रेटरींनी मला न विचारता माझंही नाव देऊन टाकलं. बैठक झाली, फोटो निघाले, शिट्टी आणि दंडाला बांधायची पट्टी मिळाली, वर लॅमिनेट केलेलं ओळखपत्र. त्यावर ठळक अक्षरात 'विशेष पोलीस अधिकारी', खाली निरीक्षकांची सही आणि ठाण्याचा गोल शिक्का. मुदत कुठेच लिहिलेली नाही.

आमच्यातले एक काका (वय साठीच्या पुढे, उत्साह पंचविशीचा) रोज पट्टी बांधून गेटवर उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे आधार कार्ड मागतात. परवा एका डिलिव्हरीवाल्या पोराच्या गाडीची चावीच काढून घेतली. पोरगं म्हणालं, "तुम्ही पोलीस आहात का?" काकांनी कार्ड नाचवलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या, मला मात्र धास्ती बसली आहे.

झडती, अटक, जप्ती यातलं आम्हाला काही करता येतं का? उद्या कुणी तक्रार केली तर निस्तरायचं कुणी? आणि मला यातून बाहेर पडता येईल का?

कोर्टाची पायरी:
आधी कार्ड बाजूला ठेवा आणि नेमणुकीचा आदेश मागा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम २१ पाहा. विशेष पोलीस अधिकारी नेमतात आयुक्त, अधीक्षक किंवा शासनाने खास अधिकार दिलेले दंडाधिकारी, तेही स्वतःच्या सहीशिक्क्याच्या लेखी आदेशाने. दंगल किंवा शांतताभंगाची भीती हवी आणि नेहमीचं पोलीसबळ अपुरं पडतंय असं त्यांचं मत हवं. वयाची अट १८ ते ५०, म्हणजे काका तिथेच बाद. ठाण्याच्या निरीक्षकांचं नाव त्या यादीत नाही. त्यामुळे मागे वरचा आदेश नसेल, तर तुमच्या हातात आहे ते पोलीस मित्राचं, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकाचं कार्ड, फक्त छपाई जोरदार.

आदेश खरा निघाला तर गोष्ट वेगळी. मग त्या प्रसंगापुरते साध्या पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण मिळतं, जबाबदारीसुद्धा तेवढीच येते. विनाकारण झडती घेतली म्हणून त्याच कायद्यात पोलिसालाही शिक्षा आहे, हे लोक सोयीस्कर विसरतात.

आदेश नसेल तर तुम्ही साधे नागरिक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर माणसाला धरता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. चावीच्या प्रकरणात तसलं काहीच नव्हतं. रस्ता अडवला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ लागू शकतं. आणि नेमणूक नाही हे ठाऊक असून अधिकाऱ्याचा आव आणला तर कलम २०४, किमान सहा महिने कैद.

खुर्चीवाला:
आमच्याकडे एकजण हेच कार्ड दाखवून झेरॉक्स साक्षांकित करून देत होता. साक्षांकन करणारा विशेष कार्यकारी अधिकारी वेगळा हो!

रात्रपाळी:
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी हे काम केलंय. रांगा लावणं, गर्दीला पांगायला सांगणं, म्हाताऱ्यांची औषधं आणून देणं, आणि कुणी ऐकलंच नाही तर बीट मार्शलना (गस्तीवरच्या पोलिसांना) फोन. हात लावायचा नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आमच्या साहेबांचं एक वाक्य अजून आठवतं: "बघा आणि कळवा, पकडायला आम्ही आहोत." गेटवर एवढंच पुरतं.

कोर्टाची पायरी:
@रात्रपाळी, अगदी. अपुऱ्या प्रशिक्षणाच्या माणसाला पोलिसाचं काम देण्यावर सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ ला नंदिनी सुंदर खटल्यात कडक ताशेरे ओढले. छत्तीसगडमध्ये महिना ३,००० रुपये मानधनावर आदिवासी तरुणांना हत्यारं देऊन नक्षलवाद्यांपुढे उभं केलं होतं. समानतेचा आणि जगण्याचा हक्क (राज्यघटनेची कलमं १४ आणि २१) डावलला जातो म्हणून ते घटनाबाह्य ठरलं. तुमच्या गेटचं प्रकरण त्या तोडीचं नाही, मान्य. पण बिल्ला मिळाला की माणूस पोलीस होत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

गॅलरीतला:
सगळ्यांचे आभार. सेक्रेटरींशी बोललो, ते म्हणतात "आदेशबिदेश कशाला, साहेबांचा शब्द आहे." मी कार्ड परत करायचं ठरवलंय. अर्ज ठाण्यातच द्यायचा की वर?

कोर्टाची पायरी:
मूळ अर्ज ठाण्यात, प्रत आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयाला. "नेमणूक आदेशाची प्रत मिळावी, आदेश नसल्यास माझं नाव कमी करावं" एवढंच लिहा. कार्ड, पट्टी जमा केल्याचा उल्लेख करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. काकांचं नाव अर्जात घालू नका, त्यांना पोलीस अधिनियमाच्या कलम २१ चं पान प्रिंट काढून द्या.

गॅलरीतला:
पान दिलं. वयाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे जुनं असेल." सोमवारी अर्ज देतोय, आवक क्रमांक मिळाला की कळवतो.